दवाखान्यात भरलेला घाणा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली, शेळ्या मागं लागल्या, आणि हातात पेन धरायची सवय गेली ती गेलीच. ही नातीची जुनी वही आहे. मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. कोणाच्या हाती लागलीच तर चुकांकडं बघू नका. मी पहिल्यापासून लाजरी. चौघीजणींत तोंड उघडायचं म्हटलं की घसा सुकतो. लिहिताना कोणी तोंडाकडं बघत नाही, म्हणून लिहिते.

गाताना मात्र मी लाजत नव्हते. तेही सगळ्या गाण्यांत नाही, फक्त घाण्याच्या. आमच्याकडं हळदीच्या दिवशी सकाळी घाणा भरतात. जात्याला हळदकुंकू लावायचं, आंब्याची पानं बांधायची आणि सवाशिणींनी हळद दळत गाणी म्हणायची. दोघी जात्यावर बसून ओळ म्हणतात, समोरच्या दोघी ती उचलतात, मग पुन्हा जात्यावरच्या. आधी देवांना बोलवायचं, मग घरातल्या एकेकाला ओळीत घ्यायचं, चिडवायचंसुद्धा. जात्यावर बसणाऱ्या दोघींची जोडी जुळलेली लागते. माझी जोडी होती थोरल्या जाऊबाईंशी. मी लग्न होऊन पडेगावला आले त्याच वर्षी त्यांनी मला एका हळदीत शेजारी ओढलं आणि म्हणाल्या, "माझ्या तोंडाकडं बघू नको, खुंट्याकडं बघ." जात्याचा खुंटा दोघींच्या मुठीत. तो फिरायला लागला की माणसं दिसेनाशी व्हायची आणि माझा आवाज आपोआप निघायचा. पुढं पडेगावापासून शरणापूरपर्यंत कुठंही भावकीत लग्न निघालं की आम्हा दोघींना आधी सांगावा यायचा.

आम्ही मूळचे मेंढरांवाले. सासऱ्यांनी मेंढरं विकली आणि आमच्या मालकांनी त्या पैशात पिठाची गिरणी टाकली. दोन-तीन वर्षांत मालकांना चितेगावच्या कंपनीत काम लागलं आणि गिरणी माझ्याकडं आली. पत्र्याची खोली, मोटार, पट्टा, आणि दगडाची जोडी. चालू असताना शेजारचा माणूस ओरडला तरी कळायचं नाही. मला तर तेच बरं वाटलं. गिऱ्हाइकाशी बोलावं लागत नसे, हातानं दाखवलं की काम व्हायचं. आणि त्या आवाजात मी मन भरून गायची. दगडांचा एक धरलेला सूर असायचा, त्याला लावून मी गळा मोकळा सोडायची. रांगेत डबे घेऊन बसलेल्या बायांना माझे ओठ हलताना दिसायचे, ऐकू काही जायचं नाही. वीस-बावीस वर्षं मी रोज गायले आणि एकानंही ऐकलं नाही. त्या आवाजानं माझं गाणं झाकलं म्हणून मी त्याला भला समजत होते. तो माझे कान खात होता, हे मला कुठून कळणार?

कळलं ते गिरणीतच. वरच्या चाड्यातला दाणा संपत आला की दगडांचा आवाज बदलतो, बारीक होतो. तो ऐकून दगड उचलायचा असतो, नाहीतर दगडाला दगड लागतो. एकदा बाजरी दळताना मला तो बदल ऐकूच आला नाही. जळका वास आला तेव्हा कळलं. पिठात दगडाची खर आली, बाईचं पायलीभर पीठ भरून द्यावं लागलं. त्या महिन्यात असं तीनदा झालं. मालकांना वाटलं, माझं ध्यान नाही. मलाही तसंच वाटलं.

हळूहळू एकेक गोष्ट जाऊ लागली. आधी चिमण्या गेल्या. मग बांगड्यांचा आवाज, कुकरची शिट्टी. माणसं बोलायची ते ऐकू यायचं, पण शब्दांचं टोक मोडलेलं असायचं. गाण्याचं मात्र मला लई उशिरा समजलं, कारण जुनी गाणी मला अख्खी ऐकू येत होती. म्हणजे मला तसं वाटत होतं. एकदा नातीनं मोबाइलवर गाणं लावलं होतं, मी भाकरी थापत त्याच्याबरोबर गुणगुणत होते. ती आली आणि हसत म्हणाली, "आजी, तू जे म्हणतीस ते गाणं केव्हाच संपलं. हे दुसरं लागलंय." ठेका तसाच होता. ठेका तेवढा माझ्या कानात येत होता, बाकीचं सगळं माझ्या डोक्यातून येत होतं. त्या दिवशी मी तिला एक नवं, मी कधी न ऐकलेलं गाणं लावायला सांगितलं. नुसतं धप धप ऐकू आलं आणि मधेमधे कोणी तरी भिंतीपलीकडं भांडतंय असं. गाणारा बाप्या होता का बाई, तेही सांगता आलं नाही.

तरी मी घाण्याला जात राहिले. जाऊबाई शेजारी होत्या, त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला असायचा, कधी सुरू करायचं ते त्यातून कळायचं. पण समोरच्या दोघींचे गुडघे काही मला लागत नव्हते. भावकीतल्या एका लग्नात समोरच्यांनी ओळ उचलली ते मला ऐकू आलं नाही. मला वाटलं त्या विसरल्या, म्हणून मीच पुढची ओळ घेतली. त्यांच्या गाण्यावर माझं गाणं चढलं. जाऊबाईंनी मांडीला चिमटा घेतला तोवर मी दोन ओळी पुढं गेले होते, आणि ज्या कुलदैवताला बोलवून झालं होतं त्याला पुन्हा बोलवत होते. बाया हसल्या. कोणी तरी म्हणालं असणार काही तरी, कारण हसू पुन्हा एकदा उठलं. मग एका चुलत सासूनं मायेनं माझा हात धरून मला उठवलं आणि हळकुंडं निवडायला बसवलं. मायेनंच, त्यात वाद नाही. पण त्यानंतर जिथं गेले तिथं माझ्यासमोर हळकुंडांचं सूप यायला लागलं. दोन वर्षांत मी जाणंच सोडलं. जाऊबाई दुसऱ्या जोडीदारणीबरोबर बसायला लागल्या. मला त्यांनी कधी तसं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गिरणी आम्ही पुतण्याला दिली. मी दोन शेळ्या घेतल्या.

मग एका दिवाळीनंतर नातीचं लग्न ठरलं, वैशाखातली तिथी निघाली. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, शेंद्र्याच्या कंपनीत आहे, त्याच्या डोक्यावर घराचे हप्ते, तरी लग्न नीट करायचं म्हणत होता. रात्री जेवताना तो म्हणाला की घाण्याला हल्ली गाणाऱ्या मिळत नाहीत, तर स्पीकरवरच गाणी लावू, हळदीलाही आणि घाण्यालाही. सून हो म्हणाली. मला ते सगळं नंतर नातीनं कानाशी येऊन सांगितलं. आणि म्हणाली, "माझ्या घाण्याला तू आणि मोठी आजी बसणार. नायतर मी हळद लावून घेणार नाय."

नात लहान असल्यापासून हट्टी. पण त्या रात्री मला झोप आली नाही ती तिच्या हट्टामुळं नाही. स्पीकरवरचं गाणं म्हणजे माझ्यासाठी धप धप. माझ्या एकुलत्या नातीच्या हळदीत मला धप धप ऐकत सूप घेऊन बसायचं नव्हतं. मला जात्यावर बसायचं होतं.

मुलगा मला शहरात कानाच्या दवाखान्यात घेऊन गेला. मशीन लावणारी एक तरुण मुलगी होती, तिनं डबीसारख्या खोलीत बसवून कान तपासले. दोन मशिनी दाखवल्या. पहिली बोलणं ऐकण्यापुरती बरी आहे, म्हणाली. दुसरीत गाण्यासाठी वेगळी सोय करता येते, पण किंमत पहिलीच्या तिप्पट. मुलगा लगेच म्हणाला की बोलणं ऐकू आलं म्हणजे झालं. तो पहिलीचे पैसे काढत होता. त्याचं चुकलं नाही. घरात चार माणसं बोलतात, गाणारं कोणी नाही. मालक गमतीनं म्हणाले होते, "पन्नास वर्षं माझं ऐकलं नाय तवा कान चांगले व्हते. आता मशीन लावून काय ऐकणार?"

मी मुलाचा हात धरला आणि म्हटलं, "आज नको घेऊ." एवढंच. बाहेर रिक्षात त्याला सांगितलं की मला दुसरी पाहिजे, तू पहिलीइतकेच पैसे दे, वरचे माझे मी बघते. तो म्हणाला, आई, गाण्यासाठी एवढे? उत्तर द्यायला मला जमत नाही. पण मी माघारही घेतली नाही.

आमच्या गल्लीत बायांचा बचत गट आहे. महिन्याला शंभर रुपये भरते मी, कधी कर्ज काढलं नव्हतं. कर्ज कशासाठी ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं. कोणी शेळीसाठी घेतं, कोणी शिलाई मशीनसाठी. ज्या बाया घाण्यात हसल्या होत्या त्यातल्या तिघी गटातल्याच. अध्यक्षीणबाईंनी विचारलं कशासाठी, आणि माझा घसा सुकला. शेजारून जाऊबाई म्हणाल्या, "कानासाठी." मग वहीत 'दवाखाना' असं लिहिलं गेलं. जामीन म्हणून जाऊबाईंनी अंगठा दिला. मला म्हणायचं होतं, दवाखान्यासाठी नाही, गाण्यासाठी. ते तोंडातच राहिलं.

मशीन कानात बसलं त्या दिवशी रस्त्यावरच्या गाड्यांनी डोकं फुटायची पाळी आली. पातेल्यावर पळी लागली तरी मी दचकायची. दोन आठवड्यांत माणसांच्या बोलण्याला टोकं परत आली. सून हळू आवाजात काय काय बोलते तेही कळलं, तो भाग सोडून देते. मग मी जाऊबाईंकडं गेले, आणि दुपारी त्यांच्या पडवीतल्या जुन्या जात्यावर दोघी बसलो.

त्यांनी ओळ सुरू केली ती ऐकू आली. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी, पण आली. पण घाण्याची ओळ शेवटी लांबवतात, एकाच सुरावर धरून ठेवतात, आणि ती सुटते तिथं समोरच्या उचलतात. जाऊबाईंनी शेवट लांबवायला घेतला की आवाज थरथरायचा आणि बुडून जायचा. त्यांचं तोंड उघडं, गळ्याची शीर ताणलेली, आणि मला काहीच नाही. त्यात जातं फिरलं की त्याच्या घरघरीनं उरलेलंही जायचं. मी पुन्हा म्हणायला लावलं. पाचव्यांदा त्या म्हणाल्या, "अगं, माझा दम गेला. तुझ्या त्या मशिनीला माझा आवाज आवडत नाय."

मी एकटी बसनं शहरात गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या काउंटरवर जाऊन स्वतःहून बोलले. मशीनवाल्या मुलीनं ऐकून घेतलं. म्हणाली, "आजी, हे मशीन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं. बोलणं सारखं वरखाली होतं. एकच आवाज लांब चालला की मशीनला वाटतं, ही शिट्टी आहे, आणि ते तिला दाबून टाकतं."

"माझ्या जाऊबाईंचा सूर त्याला शिट्टी वाटती व्हय?"

ती हसली. म्हणाली की गाण्याचं वेगळं बटण करून देते, त्यात हे दाबणं बंद करू. केलंही. घरी येऊन बघितलं तर थोडा फरक पडला, पण शेवट अजून तुटत होता. मी पुन्हा गेले. तिनं संगणकावर सिनेमातलं गाणं लावून पाहिलं, ते ठीक वाटलं. मी म्हटलं, हे नाही. हे गाणं मला तोंडपाठ आहे, ते मशीन ऐकतंय का माझं डोकं, ते कळत नाही. तिनं माझ्याकडं जरा वेगळं बघितलं. मग म्हणाली, ज्यांचं गाणं ऐकायचं आहे त्यांनाच घेऊन या.

जाऊबाईंना हे सांगितलं तर त्या उठूनच गेल्या. घरात लग्न नसताना घाणा म्हणत नाहीत. ते आमच्याकडं अशुभ धरतात, पोरीबाळी नुसत्या गुणगुणल्या तरी म्हाताऱ्या रागावतात. पडवीत आम्ही म्हणत होतो ते जात्यावर आणि नातीचं लग्न ठरलेल्या घराण्यात, तेवढं चालत होतं. पण परक्या जागी, दवाखान्यात, जिथं दुखणाईत माणसं बसतात? "कुणाचं लगीन लावायचं तिथं? डॉक्टरीणबाईचं?" दोन दिवस बोलल्या नाहीत. मी रोज दुपारी जाऊन त्यांच्या पायरीवर बसले. बोलायला मला येत नाही, बसायला येतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "उद्याची बस कितीची?"

दवाखान्यात त्यांनी पिशवीतून काय काढलं असेल? आंब्याची दोन पानं, दोऱ्यात बांधलेली, आणि हळदकुंकवाची डबी. मशीनवाल्या मुलीला विचारून तिच्या टेबलावर संगणकाशेजारी पानं ठेवली, त्याला हळदकुंकू वाहिलं, नातीचं नाव घेतलं. आता घाणा नातीचाच झाला. जातं नव्हतं, म्हणून आपली चालायची काठी उभी केली, एक हात त्यांचा, एक माझा, आणि खुंट्यासारखी फिरवायला घेतली. मुलगी हसली नाही. त्याबद्दल मी तिला कधी विसरणार नाही.

जाऊबाई गायला लागल्या. त्यांचा गळा आता फाटतो, पण मोठा आहे. दार उघडं होतं. बाहेर बसलेला एक म्हातारा दारात येऊन विचारू लागला, लग्न कोणाचं? जाऊबाईंनी गाणं न थांबवता काठीनंच त्याला बस म्हणून दाखवलं. मुलगी संगणकावर काही तरी बदलायची, हात वर करायची, जाऊबाई तीच ओळ पुन्हा घ्यायच्या. सात-आठ वेळा झालं. मी डोळे काठीवर ठेवले होते. आणि एका वेळी शेवट लांबला आणि तुटला नाही. बारीक होता, दोऱ्यासारखा, मधे एकदा हेलकावला, पण सुटायच्या जागेपर्यंत आला. तो जिथं सुटला तिथं माझ्या तोंडून पुढची ओळ निघाली. दारात अनोळखी माणसं उभी आहेत, हे ओळ संपल्यावर ध्यानात आलं.

निघताना मुलीनं खरं ते सांगितलं. वरच्या पट्टीतला जो आवाज माझ्या कानातून गेला आहे तो कुठल्याही मशिनीनं येणार नाही. मी बसमध्ये त्यावर विचार केला आणि उतरायच्या आधी जाऊबाईंना म्हटलं की आपण गाणंच खाली आणू. जिथं माझा कान आहे तिथं. त्या म्हणाल्या, पन्नास वर्षं ज्या पट्टीत गायले ती सोडायची? मी म्हटलं, व्हय.

दोन महिने रोज दुपारी बसलो. खालच्या पट्टीत जुनी ओळ त्यांना परकी लागायची, मधेच सवयीनं वर जायच्या. मी खुंटा थांबवायची. त्या कुरकुरायच्या, "सासू मेली तवा वाटलं सुटले. ही दुसरी निघाली." पण पुन्हा खालून घ्यायच्या. समोर बसायच्या दोघींनाही मी बोलावून घेतलं. त्यांतली एक त्या दिवशी हसलेल्यांपैकीच. त्यांना सांगितलं की ओळ उचलताना माझ्याकडं बघून मान हलवायची. ऐकू आलं तर ठीक, नाही आलं तर दिसेल.

हळदीच्या सकाळी मांडवात स्पीकर आणून ठेवलाच होता. मुलानं माझ्याकडं बघितलं आणि वायर काढून ठेवली. मी मशीनचं गाण्याचं बटण दाबलं, कानात दोनदा टिक झालं. जात्याच्या खुंट्याला पानं बांधलेली, नात पाटावर. आम्ही देवांना बोलवलं, गावाला बोलवलं, मेलेल्या सासऱ्यांना बोलवलं. दोन ठिकाणी शेवट बुडाला, तिथं मी समोरच्या मानेकडं बघितलं आणि निभावलं. एकदा मी अर्धा श्वास आधी सुरू झाले. कोणी हसलं नाही, किंवा हसलं असेल तर मी बघितलं नाही. मग घरच्यांना ओळीत घ्यायची पाळी आली आणि जाऊबाईंनी ठरलेलं सोडून स्वतःचंच जोडलं:

कानामंदी मशीन, वर घेतलाय पदर,
धाकटीच्या घाण्याला आला उशिरानं बहर.

नवी ओळ. माझ्या डोक्यात ती आधी नव्हती, म्हणजे ती माझ्या कानानंच ऐकली. हळद दळून होईपर्यंत मी थांबले नाही.

पैसे फिटायला दीड वर्ष लागलं. शेळ्यांची करडं विकली, उन्हाळ्यात शेवया करून दिल्या. एक हप्ता चुकला, शेळी आजारी पडली तेव्हा, तो पुढच्या महिन्यात दुप्पट भरला. मुलानं दोनदा मी भरतो म्हटलं, मी नको म्हटलं. गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता घेऊन बैठकीला गेले. अध्यक्षीणबाईंनी पैसे मोजले, वही उघडली, माझ्या नावापुढं 'दवाखाना' लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "ते खोडा. गाण्यासाठी घेतले व्हते." सगळ्यांनी ऐकलं. माझा घसा सुकला नाही. त्यांनी पेन माझ्याकडं सरकवलं, तूच लिही म्हणाल्या. मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, आणि त्याच्याखाली त्यांनी लिहिलं की कर्ज पूर्ण फिटलं.